वस्तीतलं काम आणि माणसांचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या लहान संस्था, महिला मंडळं, बचत गट, युवक मंडळं आणि समाजकार्य शिकणारी मुलं-मुली आम्हाला जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं या शहरातल्या वस्त्यांमध्ये काम करता करता सापडलेली आहेत. काही आम्ही चुका करून शिकलो. जिथे चूक आमची होती तिथे तसं लिहिलं आहे.

आम्ही फक्त शिवणवर्ग चालवतो. आमचा मानवी हक्कांशी काय संबंध?

मानवी हक्क म्हटलं की कोठडी, तुरुंग, कोर्ट असंच डोळ्यांपुढे येतं. तेही आहेच. पण तुमचा वर्ग कुठे भरतो, ते आधी सांगा. बुद्ध विहारात भरत असेल तर पलीकडच्या गल्लीतल्या मुस्लिम मुली येतात का? मंदिराच्या सभागृहात भरत असेल तर कोण दारापर्यंत येऊन परत जातं? ज्या घरात कमावती बाई एकटी आहे, त्या घरच्या मुलीला तुमची फी झेपते का?

आमच्या एका वर्गात एक मुलगी रोज यायची आणि काजं-बटणं करत बसायची. महिनाभर आम्हाला वाटत राहिलं, तिला तेवढंच आवडतं. तिचा एक पाय लहानपणापासून अधू होता, पायमशीन तिला चालवताच येत नव्हती, आणि तिला ते विचारावं असं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. शेवटी एका मशीनला मोटर बसवली आणि तिचं पॅडल चांगल्या पायाखाली ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने पहिला ब्लाउज शिवला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अशी सोय करून देण्याला हक्क मानतो. शिवणवर्गाचा मानवी हक्कांशी संबंध आहे तो हा.

‘लाभार्थी’ या शब्दाला तुमचा एवढा विरोध का?

शब्द बदलला म्हणजे काम बदललं, असं आम्ही मानत नाही. सरकारी फॉर्मवर तो शब्द येणार, तुम्हाला लिहावाही लागणार. पण तो आपल्या डोक्यात शिरला की काय होतं, ते रेशनच्या दुकानात बघा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य, हे त्या कायद्याने ठरवलेलं आहे. स्वतःला लाभार्थी समजणारी बाई मापात धान्य कमी आलं तरी थैली उचलून निघते. हा आपला हक्क आहे हे ठाऊक असलेली बाई काट्याकडे बघते आणि पावती मागते.

हक्क म्हटला की समोर कोणीतरी जबाबदार असतं. बहुतेक वेळा ते सरकार असतं: महानगरपालिका, जिल्हा परिषद, शाळा, दवाखाना. पण ज्या दिवशी आपली संस्था वस्तीत काम सुरू करते, त्या दिवसापासून आपणही त्या माणसांना उत्तर द्यायला बांधलेले असतो. या पानावरचं बाकी सगळं या एका गोष्टीतून निघालं आहे: ज्यांच्यासाठी आपण काम करतो म्हणतो, त्यांना आपल्याला जाब विचारता आला पाहिजे.

ही सगळी तत्त्वं बाहेरून आलेली नाहीत का?

जागतिक मानवी हक्क जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात आधी ‘सगळे पुरुष’ या अर्थाचे शब्द होते. त्या जागी ‘सगळी माणसं’ असे शब्द यावेत यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला, आणि तसा बदल झाला. म्हणजे जगाच्या त्या कागदावरही आपल्याकडच्या एका बाईचा हात फिरला आहे.

संस्थांसाठी म्हणून जी तत्त्वं आज सांगितली जातात, त्यांतली महत्त्वाची आठ तत्त्वं सप्टेंबर २०१० मध्ये इस्तंबूलला वेगवेगळ्या देशांतल्या नागरी संस्थांनी मिळून ठरवली. मानवी हक्क आणि सामाजिक न्याय हे त्यातलं पहिलं. पुढे स्त्री-पुरुष समानता, लोकांचा खरा सहभाग, पर्यावरण, पारदर्शक हिशेब, बरोबरीची भागीदारी, एकमेकांकडून शिकणं आणि टिकणारा बदल. ती सरकारांनी लादलेली नाहीत, संस्थांनी स्वतःवर घालून घेतलेली आहेत. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

आणि नागपुरात बसून ‘ही कल्पना परकी आहे’ असं कोणी म्हणू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसं माणूस म्हणून ताठ उभी राहायला आली होती. आमच्या वस्त्यांमधल्या आज्या त्या दिवसाबद्दल त्यांच्या आईवडिलांकडून ऐकलेलं सांगतात: कोणाच्या बैलगाडीतून आलो, पांढरं लुगडं कोणाकडून मागून आणलं. समतेचं कलम १४, भेदभावाला मनाई करणारं कलम १५, अस्पृश्यता संपवणारं कलम १७, जगण्याचा हक्क देणारं कलम २१ ही आपल्याच संविधानात आहेत. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात आम्ही आधी ही कलमं वाचतो, इस्तंबूल नंतर.

आम्ही वस्तीत बैठक घेतो, सह्या घेतो. याहून वेगळा लोकसहभाग म्हणजे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि यातच सगळ्यात जास्त फसगत होते. आमचीही झाली.

एका वस्तीत सार्वजनिक नळाची जागा ठरवायची होती. समाजभवनात सकाळी अकराला बैठक ठेवली. चाळीसेक सह्या झाल्या, ठराव झाला, फोटो झाला. नळ लागला तो वस्तीच्या तोंडाशी, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांच्या घराजवळ. मागच्या गल्लीतल्या बायांना गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, डोक्यावर घेऊन नाली ओलांडून जावं लागायचं. आम्ही विचारलं, बैठकीत का नाही बोललात? एक जण भांडं खाली ठेवून म्हणाली, “आमाले इचारलं कोनं, ताई? तुमची मिटिंग अकराले. आमी तवा धरमपेठेत भांडे घासत होतो.”

त्यानंतर आम्ही बैठकीची वेळ आधी विचारून ठरवायला लागलो. त्या वस्तीत ती रात्री साडेआठची निघाली, जेवणं उरकल्यावर, कोणाच्या तरी ओट्यावर. समाजभवनात ज्या बाया भिंतीला टेकून गप्प बसायच्या त्या ओट्यावर मोकळ्या बोलल्या. कळमन्याला हमाली करणाऱ्यांची वेळ निराळी, भांडेवाडीला कचरा वेचणाऱ्यांची निराळी.

वेळ झाली की मग बाकीच्या गोष्टी. काय ठरवायचं आहे ते आधी दोन दिवस वस्तीत कळलं पाहिजे. किती पैसे आहेत आणि काय शक्य नाही, हे आपण सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे. ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सह्या-अंगठे घ्यायचे. कोऱ्या कागदावर सही कधीच घ्यायची नाही, कितीही घाई असली तरी. आणि लोक ‘नको’ म्हणाले तर ते काम थांबलं पाहिजे. नाही म्हणायची मुभा नसलेल्या बैठकीला आम्ही सहभाग म्हणत नाही.

बायांच्या संघटित आवाजाचं काय होऊ शकतं हे याच शहराने पाहिलं आहे. डॉ. रूपा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने इथे विदर्भ मोलकरीण संघटना उभी राहिली. राज्यभरातल्या अशा संघटनांच्या दीर्घ रेट्यानंतर २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या बायांना कोणी ‘सहभागी करून’ घेतलं नव्हतं. त्या स्वतः मागणी घेऊन उभ्या राहिल्या.

वस्तीत कोण सुटून जातंय, हे कसं ओळखायचं?

यादी हातात घेऊन वस्तीत फिरा आणि यादीत नसलेली दारं मोजा. दुसरा मार्ग आम्हाला माहीत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आम्ही मदतीच्या संचांसाठी घाईने यादी केली. ‘घरमालकाचं नाव’ असा रकाना आम्हीच छापला होता. त्यामुळे एका घरात तीन कुटुंबं भाड्याने राहत होती, तरी यादीत आलं एकच नाव, ज्याचं घर होतं त्याचं. तो स्वतः दुसरीकडे राहत होता. चिखलात भिजलेल्या गाद्या दारात टाकून भाडेकरू बाया उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोरून आमची गाडी पुढे गेली. यादी नव्याने करायला चार दिवस गेले. त्यांतल्या एकीने नंतर फक्त एवढंच विचारलं, “आमी दिसलो नाई का तुमाले?” आता आमच्या कुठल्याही फॉर्मवर मालकाचा रकाना नसतो, ‘इथे आज कोण राहतं’ असा असतो.

भाडेकरू, एकट्या राहणाऱ्या बाया, अंथरुणाला खिळलेली माणसं, तृतीयपंथी, टोळीवर, म्हणजे त्यांच्या वेगळ्या वस्तीवर, राहणारी भटक्या-विमुक्त जमातींची कुटुंबं, ज्यांच्याकडे कुठलंच कागदपत्र नाही असे लोक, ही नावं पहिल्या यादीतून हमखास गळतात. पारधी वस्तीत तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १८७१ च्या ज्या कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये रद्द झाला, पण वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसाची भीती तिथे अजून आहे. पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू द्या.

आमच्या संस्थेचा हिशेब वस्तीला का दाखवायचा? धर्मादाय आयुक्तांकडे देतोच की.

देता ते बरोबरच आहे, आणि ते वेळेवर द्या. विश्वस्त बदलले की बदल अहवाल ९० दिवसांत दाखल करायचा असतो. त्यात चालढकल झालेल्या कितीतरी चांगल्या संस्था नंतर अडकून पडल्या आहेत.

पण पैसा ज्या वस्तीच्या नावावर आला, त्या वस्तीला तो किती आला आणि कुठे गेला हे माहीत नसेल, तर महापालिकेला पारदर्शकता मागायला आपण कुठल्या तोंडाने जायचं? आम्ही दर तिमाहीला एक कार्डशीट भिंतीवर लावतो. वर मिळालेले पैसे, खाली खर्च, अगदी रिक्षाभाडं आणि चहासकट. पहिल्यांदा लावली तेव्हा पोटात गोळा आला होता. झालं असं की एका आजोबांनी सतरंज्यांच्या किमतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, गांधीबागेत याहून स्वस्त मिळतात. पुढच्या खरेदीला तेच आमच्यासोबत आले.

तक्रारीसाठीही जागा ठेवा. तक्रारपेटी ठेवली तर तिची किल्ली संस्थेबाहेरच्या माणसाकडे असावी, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी एक फोन नंबर असावा जो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खिशात वाजणार नाही.

मदत देताना फोटो काढला तर काय बिघडलं? देणगीदारांना पुरावा लागतो.

टाळेबंदीत आम्ही धान्याचे संच वाटले तेव्हा प्रत्येक संचाबरोबर फोटो काढत होतो. पाठीमागे बॅनर, हातात पिशवी. एका बाईने पदर चेहऱ्यावर ओढला. आमच्या कार्यकर्त्याने, अगदी प्रेमाने, “काकू, जरा पदर बाजूला घ्या, चेहरा दिसत नाही” असं म्हटलं. तिने घेतला. तो फोटो दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत तिच्या मुलाच्या मित्रांपर्यंत पोचला. मुलगा बाहेरगावी कॉलेजात होता. त्याने आईला फोन करून विचारलं, आपल्या घरी खायला नाही हे तू मला का नाही सांगितलंस?

तिने ती पिशवी न उघडता आमच्या दारात आणून ठेवली. काही बोलली नाही.

संमती म्हणजे पदर बाजूला घेणं नव्हे. समोर धान्याची पिशवी धरलेला माणूस विचारतो तेव्हा ‘नाही’ म्हणता येतच नाही, म्हणून आम्ही आता वाटपाच्या जागी कॅमेराच काढत नाही. देणगीदारांना सह्यांची यादीही दाखवत नाही, एकूण आकडा आणि खरेदीची बिलं देतो. फोटो हवाच असेल तर वेगळ्या दिवशी, घरी जाऊन, कुठे वापरणार ते सांगून, आणि नंतर मन बदललं तर काढून टाकायचं कबूल करून. मुलांचे चेहरे नाहीत. आजाराची, अत्याचाराची, कर्जाची गोष्ट असेल तर नाव-गाव नाही.

आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करायची सवयही सोडा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तो आहेच. पण साधा प्रश्न असा की शिवणवर्गाला आधार कशाला लागतं? आमच्या कपाटात एकेकाळी शेकडो झेरॉक्स होत्या, आणि त्यांचं आम्ही काहीच केलेलं नव्हतं.

सेवा द्यायची की हक्कासाठी भांडायचं? आमच्यात यावरून दोन गट पडले आहेत.

तहानलेल्या वस्तीला आधी पाणी. यात वाद नको. पण सेवा देता देता पुरावा तयार होत असतो, तो वाया घालवू नका.

नागपूरला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, तरी शहराच्या कडेच्या लेआउटमध्ये जिथे नळाचं जाळं नाही तिथे टँकरवर भागवावं लागतं. अशा एका ठिकाणी बचत गटाच्या बायांनी एक शंभर पानी वही केली. टँकर आला ती तारीख, वेळ, किती घरांना पाणी पुरलं, कोण रिकाम्या हाताने परतलं. तीन महिन्यांची ती वही अर्जाला जोडली, तेव्हा ‘टँकर नियमित येतो’ या उत्तराला जागाच उरली नाही. वही लिहिणाऱ्या बाईचं शिक्षण पाचवी होतं.

वस्ती कोणाच्या जागेवर आहे, याने आमच्या कामात काय फरक पडतो?

सगळाच पडतो. नागपुरात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे मालक असू शकतात. जागा महापालिकेची, नझूलची (म्हणजे शहरातली सरकारी), १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासची, रेल्वेची, खासगी, किंवा विदर्भातच आढळणारी झुडपी जंगलाची नोंद असलेली. मालकी पट्टा मिळायचा मार्ग, नळजोडणीचा मार्ग, वस्ती हटवायची झाली तर नोटीस देणारं कार्यालय, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून नवीन वस्तीत गेलात की आधी नकाशा आणि अभिलेख शोधा. वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे की अघोषित, तेही विचारा. लोकांकडे जुनी मतदार यादी, विजेचं बिल, कर पावती, शाळेचा दाखला जे असेल ते प्लास्टिकच्या फाइलमध्ये, छतापासून लांब ठेवायला सांगा. पावसाळ्यात किती पुरावे लगदा होतात याची आम्हाला चांगली कल्पना आहे.

घर पाडण्याची भीती असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो असं मानलं आणि हटवण्याआधी नोटीस व बाजू मांडायची संधी यांवर भर दिला. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी आणि कारवाईचं चित्रीकरण बंधनकारक केलं. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदी-जलाशयावरच्या अनधिकृत बांधकामांना या निकालाचं संरक्षण नाही. नाग नदीकाठच्या लोकांना खोटी आशा देऊ नका, ही अडचण त्यांना आधीच सांगा आणि पुनर्वसनाची मागणी वेळेत सुरू करा.

आमचं काम शहरात आहे. पर्यावरणाचा मुद्दा आमचा कसा?

शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसेखुर्द धरणात जातं. त्या धरणासाठी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या गावांनी जमिनी दिल्या, आणि त्याच पाण्यावर आज मासेमार जगतात. आपल्या वस्तीत शौचालय बांधताना त्याचा मैला कुठे जाणार, हा प्रश्न कुही तालुक्यातल्या माणसाच्या हक्काचाही आहे.

माहितीचा अधिकार वापरायला लोक घाबरतात. काय करावं?

पहिला अर्ज संस्थेच्या कार्यकर्त्याच्या नावाने करा. एकट्या विधवेच्या नावावर ठेकेदाराविरुद्धचा अर्ज टाकून आपण मागे राहायचं, हे कधीही करू नका. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयात. दाखले-प्रमाणपत्रं अडली असतील तर मात्र माहिती मागत बसू नका, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली थेट अपील करा. त्यात प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे.

मोर्चात उतरलो तर संस्थेवर राजकारणाचा शिक्का बसेल का?

पक्षाच्या प्रचारापासून दूर राहा. लोकांच्या प्रश्नावर शांततेने एकत्र येणं हा कलम १९ ने दिलेला हक्क आहे. हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमपासून मॉरिस कॉलेज टी पॉइंटपर्यंत राज्यभरातून आलेली माणसं या शहरात बसलेली असतात: अंगणवाडी सेविका, धरणग्रस्त, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल. नागपूरकरांना वाहतूक अडते याचा त्रास होतो, ते समजतं. पण मुंबईचं भाडं न परवडणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं सरकारच्या दारात मांडायची ही वर्षातली एकच वेळ असते.

आणि मोर्चा काढणाऱ्यांवर जबाबदारी असते. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. त्यात बाया आणि मुलं मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळच्या स्मारकापाशी दरवर्षी त्या दिवशी लोक येतात. आम्ही मोर्चाला माणसं नेतो तेव्हा लहान मुलांना नेत नाही, प्रत्येक वीस जणांमागे एक ओळखीचा कार्यकर्ता ठेवतो, पाणी सोबत ठेवतो, आणि निघायची वाट आधी चालून बघतो.

परदेशी निधी घेतला तर?

परदेशी अभिदाय कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मोठ्या संस्थेने ‘आमच्याकडून घ्या’ म्हटलं तरी तो पैसा परदेशी आहे का, ते आधी विचारा.

आमच्या कार्यकर्त्यांना मानधन देतो. त्यांचे हक्क वेगळे काढायचे का?

हा प्रश्न फार कमी संस्था विचारतात, म्हणून ज्यांनी विचारला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. वस्तीत किमान वेतनावर भाषण देणारी मुलगी संध्याकाळी किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर घरी जात असेल, तर ते लोकांना कळतं. तिला आठवड्याची सुट्टी आहे का, बाळंतपणाची रजा आहे का, रात्रीच्या बैठकीनंतर घरी पोचायची सोय कोणाची, हे लिहून ठरवा. ‘सेवाभाव’ या शब्दाखाली फार शोषण झाकलं जातं.

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाही इतक्या बाया, आणि एक बाहेरची सदस्य. दहापेक्षा कमी असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि हे तुमच्या स्वयंसेविकांना माहीत असायला हवं. मुलांबरोबर काम असेल तर आणखी एक: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने सक्तीचं आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणून मिटवलेलं प्रकरण हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वस्तीतली रूढीच हक्कांच्या आड येत असेल तर? लोकांचं ऐकायचं म्हणता ना?

लोकांचं ऐकायचं म्हणजे पंचांचं ऐकायचं असं नाही. ज्या मुलीचं पंधराव्या वर्षी लग्न ठरतंय तीही ‘लोक’ आहे, आणि तिला बैठकीत कोणी बसवलेलं नाही.

इथे घाई आणि ढिलाई दोन्ही महागात पडतात. बालविवाह असेल तर १०९८ वर कळवावंच लागेल, पण त्याआधी मुलीच्या आईशी, आत्याशी, शाळेतल्या बाईंशी बोलणं झालेलं असेल तर पोलीस गेल्यावर ती मुलगी घरात एकटी पडत नाही. जातपंचायतीने कुटुंब वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा कायद्याची गरज ओळखणारं हे पहिलं राज्य. तरी तक्रारीनंतर त्या कुटुंबाच्या घरी सणाला कोण जाणार, लग्नाला कोण जाणार, याची तयारी आपण करावी लागते. आम्ही स्वतः ताटं घेऊन जेवायला गेलो आहोत.

देणगीदार आकडे मागतात. हक्क कसे मोजायचे?

किती जण आले, किती संच वाटले हे मोजाच. त्याच्या शेजारी हेही मोजा: वस्तीतल्या किती जणांनी आपण होऊन कार्यालयात अर्ज केला, बैठकीत संस्थेचे किती प्रस्ताव लोकांनी बदलले, कोणत्या कामासाठी आता आमच्याशिवाय भागतं. एका देणगीदाराला आम्ही लिहून कळवलं होतं की यंदा आमच्याकडे येणाऱ्या रेशन-तक्रारी निम्म्या झाल्या, कारण बाया थेट पुरवठा कार्यालयात जातात. त्यांनी आधी काम कमी झालं असा अर्थ काढला. मग फोन करून समजावलं.

हक्कभंग झाला तर तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी ज्या कार्यालयाने करायला हवं होतं तिथे, लेखी. वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. सरकारी सेवकाकडून हक्कभंग झाला असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे मराठीत, साध्या कागदावर, विनाशुल्क तक्रार करता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करा, आणि तेच प्रकरण कोर्टात चालू नसावं. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही, हे तक्रारदाराला आधी सांगा. मोठा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथेच, सिव्हिल लाइन्सला आहे.

कुठेही गेलात तरी अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट आवक शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि ती प्रत संस्थेच्या कपाटात नको, ज्याचा अर्ज आहे त्याच्या घरी राहू द्या.